चालक नसलेली गाडी

परवा चौथीच्या वर्गात मी एक प्रश्न टाकला. "चालक नसलेली मोटार दारात आली, तर कोण कोण बसेल?" झालं! सगळ्यांचे हात वर. मागच्या बाकावर तर "मी पुढं बसणार बे!" म्हणून भांडणच जुंपलं.

मग विचारलं, "त्याच मोटारीतून धाकट्या भावाला एकट्याला बालवाडीत धाडाल का?" भराभर हात खाली आले.

अशा गाड्या नुसत्या गोष्टीतल्या नाहीत, बरं का! अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात वेमो कंपनीच्या टॅक्सी चालकाविना भाडं नेतात. कॅमेरे, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र, यांनी टिपलेलं सगळं पाहून संगणक ठरवतो, वळायचं की थांबायचं. पण त्याच शहरात फेब्रुवारी २०२४ मध्ये जमावानं अशी एक रिकामी टॅक्सी जाळून टाकली. लोकांचं मन अजून दोन्हीकडे आहे. २०१८ साली ॲरिझोना राज्यात चाचणीच्या अशाच एका गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या बाईचा जीव घेतला होता. देखरेखीला आत माणूस बसलेला असूनसुद्धा! माणसं चालवतात तेव्हा अपघात होत नाहीत का? पुष्कळ होतात. पण तेव्हा जाब कुणाला विचारायचा, हे तरी ठाऊक असतं.

आपल्या देशात दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये चालकाविना गाडी सुरू झाली. तिथं रुळांवर म्हैस आडवी येत नाही की सायकल. आपल्या सोलापूर जिल्ह्यात मात्र कारखान्यांचा हंगाम लागला, की दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर. रात्री कित्येकांना मागं दिवासुद्धा नसतो. त्या संगणकाची परीक्षा इथंच घ्यावी!

माझे आजोबा बाजाराहून परतताना बैलगाडीत खुशाल झोपायचे. बैल बरोबर घरी आणायचे. पण ते बैल त्यांनी वासरं असल्यापासून पाहिलेले होते.

वर्गातल्या एका मुलीनं मात्र पहिल्यापासून हात वर केलाच नव्हता. तिचे वडील रिक्षा चालवतात. ती म्हणाली, "बाई, मग आमच्या पप्पांनी काय करायचं?"

गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेल्या सोलापूरला हा प्रश्न नवा नाही. मी तिला सांगितलं, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ साली आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात म्हटलं होतं, की चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. ती हसली. तेवढ्यात पुढच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, नंतरचे मंत्री पण असंच म्हणतील?" मी खडू घेऊन फळ्याकडे वळले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तिचे पप्पा धावत वर्गाच्या दाराशी आले. "बाई, पोरं मोजली, एक कमी भरतंय. आमचं बारकं कुठं राहिलं?" बारकं नळावर चप्पल धूत बसलं होतं!

तुम्ही माझे दोन्ही प्रश्न घरी आजी-आजोबांना विचारा. कोण काय म्हणालं, ते मला पत्रानं कळवा.