दंड सारखा, शिक्षा मात्र निराळी

१ सप्टेंबर २०१९ रोजी सुधारित मोटार वाहन कायद्याने दंडाचे दर एकाएकी चढवले. तमिळनाडूने ते ऑक्टोबर २०२२ मध्ये लागू केले. हेल्मेटविना दुचाकी चालवल्याचा १०० रुपयांचा दंड १,००० झाला, परवान्याविना वाहन चालवल्याचा ५०० चा ५,००० झाला. चेन्नईतील ऑटोरिक्षाचे भाडे मात्र ऑगस्ट २०१३ मध्ये ठरले होते : पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १२ रुपये. दंड दसपट झाला त्या दिवशीही भाडे तेच होते. दंड दरवर्षी दहा टक्क्यांपर्यंत वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. चालकाच्या मिळकतीसाठी अशी तरतूद कोणी केलेली नाही.

दंड थकला की काय होते? प्रकरण दंडाधिकाऱ्यापुढे जाते. समन्स निघते, त्याला उत्तर न दिल्यास वॉरंट निघू शकते. न्यायालयाने ठोठावलेला दंड भरला नाही, तर जंगम मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. २०२३ च्या आरंभी चेन्नई पोलिसांनी मद्यपान करून वाहन चालवल्याचा दंड थकवणाऱ्यांविरुद्ध हाच मार्ग धरला. याखेरीज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ नुसार, ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे तेथेही दंड न भरल्यास न्यायालय कैद ठोठावू शकते : ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडासाठी दोन महिन्यांपर्यंत, १०,००० पर्यंतच्या दंडासाठी चार महिन्यांपर्यंत.

येथेच या व्यवस्थेचे वर्गस्वरूप उघडे पडते. मोटारमालकाला हजार रुपये म्हणजे किरकोळ खर्च. तो भरतो आणि विसरतो. ऑटोचालकाला किंवा घरोघर जेवण पोचवणाऱ्या तरुणाला तीच रक्कम म्हणजे कित्येक फेऱ्यांची कमाई. तो थकतो, आणि थकल्यावर जे वाहन जप्तीच्या छायेत येते तेच त्याच्या भाकरीचे साधन असते. दंड दोघांना सारखा, शिक्षा मात्र एकालाच!

रस्त्यावरील शिस्तीला आमचा विरोध नाही. दारू पिऊन वाहन चालवणाऱ्याचा पहिला बळी पुष्कळदा पादचारी मजूरच असतो. प्रश्न दंडाच्या न्याय्यतेचा आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून गंभीर अपराधांचा दंड मिळकतीच्या प्रमाणात ठरतो; तेथे अतिवेगाने मोटार हाकणारा धनिक हजारो युरो भरतो. आपल्याकडेही, १९५७ च्या केरळातील नंबुद्रीपाद मंत्रिमंडळात मंत्री राहिलेले न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० साली सर्वोच्च न्यायालयात निर्णय दिला की, देण्याची ऐपत नसलेल्या कर्जदाराला केवळ त्या कारणाने तुरुंगात टाकता येणार नाही. तो निर्णय दिवाणी कर्जाचा होता. पण दारिद्र्य हा अपराध नव्हे, हे त्यातील तत्त्व दंडालाही लागू व्हावयास हवे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दंड मिळकतीशी जोडावा. कष्टकऱ्याला हप्त्यांनी भरण्याची सवलत द्यावी. उपजीविकेचे वाहन जप्तीतून वगळावे. दंडवाढीबरोबर भाडेवाढही व्हावी. कॅमेऱ्याने टिपलेल्या अपराधाची नोटीस छायाचित्रासह पंधरा दिवसांत पाठवण्याचे बंधन केंद्राच्या २०२१ च्या नियमांनी घातले होते. नोटीस वेळेवर हातात पडते की नाही, यावर युनियनने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

चलन खिशात दडवल्याने ते मिटत नाही. उलट दंडाधिकाऱ्याच्या हाती शस्त्र जाते. चुकीचे चलन वेळेत आव्हानावे, योग्य चलन फेडण्याची तजवीज करावी. महाराष्ट्रातही नवे दर डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. मुंबई, पुणे, नागपूरच्या रिक्षा स्टँडवरील साथींनीही हे काम हाती घ्यावे. सिंगारवेलु चेट्टियार यांनी १९२३ साली ज्या मद्रास शहरात देशातील पहिला मे दिन साजरा केला, त्या शहराची शिकवण हीच आहे : एकट्याने चुकवलेला दंड फास बनतो, संघटनेने उचललेला दंडाचा प्रश्न लढा बनतो.