हौद्यातलं घर आणि वजनाचा काटा

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक मूळ रूपवाल्यांचा. त्यांना बोल्टसुद्धा त्याच साली, त्याच कारखान्यातून निघालेला लागतो. दुसरा, मनाला येईल ते ठोकणाऱ्यांचा. माझा १९७४ चा फोर्ड एफ-२५० ट्रक आणि त्याच्या हौद्यात बसणारा तितकाच म्हातारा कॅम्पर बघायला दोन्ही पंथांची माणसं येतात आणि दोन्ही नाराज होऊन परततात. पहिल्यांना चाकं नवी दिसतात, दुसऱ्यांना आतलं सामान जुनं. हे सगळं मिळून वजन किती भरतं, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते विचारण्यासारखं तेवढंच आहे.

मी मूळचा कराडचा. गेली बरीच वर्षं अमेरिकेत, ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळ एका मशीन शॉपमध्ये काम करतो. इकडचा ट्रक कॅम्पर म्हणजे चाकं नसलेली खोली. चार कोपऱ्यांना जॅक लावून ती वर उचलायची, ट्रक रिव्हर्समध्ये तिच्याखाली घ्यायचा, खोली हौद्यात उतरवायची आणि साखळ्या ताणून बांधायची. पुढचा भाग केबिनच्या टपावर येतो, तिथे झोपायचं. खाली शेगडी, बेसिन, बसायला बाक. घरी आलं की खोली उतरवून ठेवायची आणि ट्रक लाकडं आणायला मोकळा. १९६० च्या दशकात इथे याचं वेडच होतं. फोर्डने तर जास्त वजन पेलणारे ट्रक 'कॅम्पर स्पेशल' या नावाने विकायला काढले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली, आणि लिटरला चार किलोमीटर देणाऱ्या या गाड्या लोकांना नकोशा झाल्या. माझी जोडी नेमकी त्याच पडत्या काळातली.

कॅम्पर घेतला तेव्हा वरून ठीक दिसत होता. ओरेगनचा पाऊस मात्र कोकणासारखा धो धो कोसळत नाही, तो महिनोन्‌महिने झिमझिमत राहतो आणि प्रत्येक सांधा शोधून काढतो. टपावर पुढे आलेल्या भागाचा ॲल्युमिनियमचा पत्रा मी कडेचे स्क्रू काढून सोलला. आत पाइनच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा असायला हवा होता. कोपऱ्यात पट्टी नव्हतीच. गंजलेल्या स्टेपल पिना नुसत्या पत्र्याला धरून होत्या आणि मधलं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं झालं होतं, बोटाने खरवडून निघत होतं. खिडकीच्या चौकटीभोवती आधीच्या मालकाने सीलंटचे थरावर थर चढवले होते. बाहेरचं पाणी त्यांनी फारसं अडवलं नाही, आत शिरलेलं मात्र कोंडून ठेवलं. खिडकी काढायची, जुना चिकटा ब्लेडने पूर्ण खरवडायचा, ब्यूटाइलची पट्टी लावून चौकट परत कसायची. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय नाही. नवा सांगाडा मी गोंद आणि स्क्रू वापरून उभा केला. लाकूड निवडताना प्रत्येक फळी हातात तोलून बघितली. जाड फळी वापरण्याचा मोह सुताराला नेहमी होतो. ही भिंत मात्र डोंगर चढणार आहे.

वजनाचं हे महत्त्व अमेरिकी सरकारलाही तेव्हा कळलं होतं. १९७३ पासून केंद्रीय नियम लागू झाला की प्रत्येक कॅम्परवर त्याच्या वजनाची पाटी हवी, त्याचा गुरुत्वमध्य कुठे पडतो हे खरेदीदाराला कळायला हवं आणि ट्रकवाल्याने आपला ट्रक किती ओझं, कुठे पेलतो ते सांगायला हवं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच. कारण ओझं मागच्या ॲक्सलच्या पुढे पडलं तर ते चारही चाकांत वाटलं जातं. मागे पडलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि ऐन वळणावर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं.

माझ्या ट्रकच्या दारावरची पाटी सांगते, भरलेल्या गाडीचं एकूण वजन ८,१०० पौंडांच्या वर नको, म्हणजे साधारण ३,६७० किलो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर काटा असतो. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजन छापून मिळतं. आधीच्या मालकाने मागच्या बंपरवर लोखंडी पेटी, पेटीत दोन बॅटऱ्या आणि टपावर एसी चढवला होता. एकूण आकडा मर्यादेत होता, मागच्या ॲक्सलचा नव्हता. त्यामुळे माझी पहिली सुधारणा म्हणजे काढून टाकणं. पेटी गेली, एसी गेला, एक बॅटरी पुढे बाकाखाली आली. पाण्याच्या टाकीतही आता निघताना थोडंच पाणी घेतो. गॅलनभर पाण्याचं वजन पावणेचार किलो, आणि नळ तर मुक्कामालाही असतो.

इथे कराड-सांगलीकडचा एक जुना विषय काढतो. ट्रक मागे बसायला लागला की आपल्याकडे स्प्रिंगचे पाटे वाढवतात. गाडी वर उचलली जाते, ताठ दिसते आणि मालकाला वाटतं, ताकद वाढली. इथलेही लोक तेच करतात, फक्त पाट्यांऐवजी हवेच्या पिशव्या घालतात. दोन्हीकडे ॲक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. फक्त गाडी वाकत नाही, म्हणजे तिची तक्रार ऐकू येत नाही एवढंच.

टायरचं तर वेगळंच. त्या काळच्या या ट्रकना साडेसोळा इंची रिम असायची. आता त्या मापाचे टायर क्वचित मिळतात. १६ इंची टायर त्या रिमवर चढवणं म्हणजे मरणाला आमंत्रण आहे, कारण दोन्हींच्या कडेचा उतार वेगळा असतो आणि हवा भरताना टायर फुटून माणसं दगावलेली आहेत. मूळ रूपवाले मला सांगतात, रिम बदलू नका, कुठून तरी जुने टायर शोधा. मी रिमच बदलल्या. ब्रेक बूस्टर नवा, प्लॅटिनच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, खांद्यावरून येणारे सीट बेल्ट. गंमत म्हणजे १९७२ पर्यंत या ट्रकची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या पाठीमागे असायची. १९७३ च्या मॉडेलपासून ती खाली गेली. म्हणजे खुद्द कंपनीलाच आपलं मूळ रूप पटलेलं नव्हतं! जुनं ठेवायचं ते मी ठेवलं: तीन चुलींची शेगडी, कपाटांच्या कड्या, आणि पहिला गिअर इतका जड की चढावर माणूस शेजारून चालत पुढे जाईल.

जॉन स्टाइनबेक हा मोठा कादंबरीकार १९६० साली जीएमसी ट्रकवर कॅम्पर चढवून कुत्र्यासह अमेरिका बघायला निघाला. ट्रकचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून रोसिनांते ठेवलं होतं. तो ट्रक आज कॅलिफोर्नियात सलिनास गावातल्या त्याच्या संग्रहालयात आहे. त्या प्रवासाचं पुस्तक, 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली', १९६२ मध्ये आलं. त्यात ओरेगनच्या पावसात, रविवारी, लादलेल्या ट्रकचा टायर फुटतो. पुस्तकातलं किती खरं आणि किती रचलेलं यावर पुढे बराच वाद झाला. टायरच्या बाबतीत मला शंका नाही.

हे सगळं मराठी वाचकाला कशाला, असं कोणी म्हणेल. सांगतो. माझ्या भाच्याने कराडला जुनी पिकअप बघून ठेवलीय. तिच्या हौद्यात असंच घर बसवायचं त्याच्या डोक्यात आहे. "मामा, मिस्त्री तयार आहे, पण आरटीओ काय म्हणंल?" हा त्याचा प्रश्न, आणि त्याला सरळ उत्तर मला देता येत नाही.

ओरेगनमध्ये कॅम्परची वेगळी नोंद करावी लागते, काही राज्यांत तर तेवढंही नाही. तो हौद्यातला माल. माल चढवला म्हणून ट्रकच्या कागदपत्रांत फरक पडत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला: निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली नोंद जुळणार नाही, असा बदल करता येणार नाही. रस्त्यावर पाहिलेले भयंकर प्रकार आठवले तर न्यायालयाचं म्हणणं समजतं. जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये वेगळे नियम आले, ५० वर्षांपुढच्या गाडीला २०,००० रुपये भरून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. पण ते दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरतेच. राजेसाहेबांची मोटार वारसा ठरते, कांदा वाहून झिजलेला ट्रक भंगार. हा भेद मला मुळीच मान्य नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. त्यात व्यावसायिक आहेत, कॅराव्हॅन पार्क आहेत. स्वतःच्या पिकअपवर स्वतः घर बांधणारा माणूस त्यात मला दिसला नाही.

तरी अमेरिकेची नक्कल करा, असं मी म्हणणार नाही. इथे दुसरं टोक आहे. ओरेगनमध्ये खासगी गाडीच्या ब्रेकची ठराविक मुदतीने तपासणी होतच नाही. पोर्टलंड भागात धुराची होते, पण १९७५ आणि पुढच्या गाड्यांची. माझा ट्रक एका वर्षाने सुटला. वजनाची पाटी लावायला लावली, पण काट्यावर कोणी चढवत नाही. आधीच्या मालकाची ती पेटी कित्येक वर्षं बिनबोभाट फिरली.

वाट आपल्याच कायद्यात आहे. सीएनजी किट बसवायला परवानगी मिळते, तपासणी होते, आरसीवर नोंद होते. अपंगांसाठी गाडीत बदल करण्याचीही सोय आहे. त्याच धर्तीवर हौद्यात उतरवता-चढवता येणाऱ्या कॅम्परची नोंद व्हावी. तपासायचं काय? चेसीला चार ठिकाणी पक्की बांधणी, गॅसच्या नळीची गळती, आतून उघडणारी संकटकाळची खिडकी, टायरवर छापलेला आठवडा आणि साल, आणि पाणी-सामान भरून दोन्ही ॲक्सलचं वेगवेगळं वजन. धावत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही, ही अट तर हवीच.

काट्यासाठी नवा खर्चही नको. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या दारात मोठमोठे काटे आहेत आणि गळीत हंगाम संपला की ते निम्मं वर्ष रिकामे पडून असतात. एक अडचण मात्र आहे. काटा कमी दाखवतो म्हणून ऊसवाला भांडतो. काट्याने कमी दाखवलं तर कॅम्परवाला खूश होऊन चहा पाजेल. तेव्हा पावती आरटीओच्या माणसासमोरच निघाली पाहिजे.