कारवाँ अडला, तोटा कुणाच्या माथी?

'कारवाँ' हा शब्द आम्ही उर्दू शाळेत शिकलो तेव्हा त्याचा अर्थ होता, मालाने लादलेल्या उंटांचा काफिला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात उंट नव्हते, पण तांडे होते. बंजारा समाजाच्या बैलांच्या पाठीवरून एके काळी मीठ आणि धान्य मुलूखभर फिरत असे. आज तोच शब्द विलायतेची वारी करून 'कॅराव्हॅन' या नावाने परत आला आहे. आता त्याचा अर्थ आहे, झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोटार घेऊन सहलीला निघणे आणि जंगलाच्या किंवा नदीच्या काठी मुक्काम ठोकणे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच आणले. अशा गाड्या उभ्या करण्यासाठी जागा, पाणी, वीज यांची सोय असलेले तळ उभे राहावेत, हा त्यामागचा हेतू.

वाचक म्हणतील, कापडाच्या व्यापाऱ्याला याच्याशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, आणि ते वहीत लिहिलेले आहे. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचे अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेले हे जंगल जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे, पण वाघामुळे त्याचे नाव दूरवर गेले. नागपूरहून आणि तेलंगणातून लोक गाड्या घेऊन येतात. काही हॉटेलात उतरतात, काहींना तंबूत राहण्याची हौस असते. तंबू म्हटला की कापड आले. वरचे मेणकापड, आतले अस्तर, खाली सतरंजी, झोपायला गादी, थंडीसाठी रजई, उशांचे अभ्रे, दाराला पडदा. हे सारे कोणीतरी विकतो, कोणीतरी शिवतो, कोणीतरी कापूस पिंजून भरतो. या कामात आपले शिंपी आणि पिंजारी बांधव किती आहेत, हे आम्ही सांगण्याची गरज नाही.

या धंद्याचा हंगाम ठरलेला आहे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. ऑक्टोबरपासून पाहुणे येऊ लागतात आणि खरी गर्दी उन्हाळ्यात होते, कारण पाणवठे आटले की जनावर दिसते. म्हणजे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत वर्षाची कमाई. नेमके हेच चार महिने २०२१ साली कसे गेले ते आठवून पाहा.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी आमच्या जिल्ह्यात महिनाअखेरपर्यंत निर्बंध जाहीर झाले. शाळा-महाविद्यालये बंद झाली, पाच किंवा अधिक लोकांनी एकत्र येण्यास मनाई झाली. २२ फेब्रुवारीला शेजारच्या अमरावतीत आठवड्याची टाळेबंदी लागली आणि पुढे ती वाढली. १५ मार्चला नागपूर बंद झाले, तेही आधी २१ तारखेपर्यंत आणि मग महिनाअखेरपर्यंत. २२ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणेच जवळजवळ थांबले. १२ मेपासून तेलंगणात टाळेबंदी आली. नागपूर ते हैदराबाद रस्ता एकच, पण त्याला कुलुपे वेगवेगळ्या दिवशी लागली आणि वेगवेगळ्या दिवशी उघडली. आमचे दार उघडले तेव्हा नागपूरचे बंद होते. टिपेश्वरचा एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि किती जिल्हे ओलांडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याला पास लागला नाही. त्याला पाहायला येणाऱ्या माणसाला मात्र लागत होता.

या ठिकाणी एक भ्रम दूर केला पाहिजे. पुष्कळ जणांचे म्हणणे होते की कॅराव्हॅनचा धंदा साथीत बुडणार नाही. माणूस आपले घर बरोबर घेऊन येतो, त्याला हॉटेल नको, कोणाची शेजारपाजार नको, मग त्याला कोण अडवील? ही गोष्ट अर्धीच खरी ठरली. विलायतेत २०२० च्या उन्हाळ्यात वेल्स प्रांताने ज्यांचे न्हाणीघर आणि संडास स्वतःचे आहेत अशा मुक्कामांना ११ जुलैला परवानगी दिली आणि सामाईक सोयी असलेल्या तळांना २५ जुलैला. म्हणजे स्वतःचे घर नेणाऱ्याला दोन आठवडे आधी दार उघडले. पण त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला वेल्सने ब्रिटनच्या ज्या भागांत साथीचा जोर होता तेथून येणाऱ्यांना बंदी केली. तेव्हा कोणाची गाडी किती सोयीची आहे, हे कोणी विचारले नाही. विचारले ते एवढेच, की तुम्ही कोठून आलात? साथीत मुक्कामाच्या जागेपेक्षा निघण्याची जागा महत्त्वाची ठरते. ही गोष्ट या धंद्यात पैसा घालणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी.

आता आमच्याच दुकानातली गोष्ट सांगतो. जानेवारी २०२१ मध्ये एका गृहस्थांनी जंगलाच्या बाजूला तंबू लावायचे ठरवले. आमच्याकडे चाळीस रजया, तितक्याच गाद्या आणि अस्तराचे कापड सांगितले. थोडी रक्कम विसार म्हणून दिली. आम्ही कापड मागवले आणि रजयांचे काम वर्षानुवर्षे आमच्याकडे काम करणाऱ्या एका बुजुर्ग पिंजाऱ्याला दिले. निर्बंध आले तेव्हा सव्वीस रजया भरून, टाके घालून तयार होत्या. गृहस्थांचा निरोप आला की पाहुण्यांनी आरक्षण रद्द केले, ते आपले पैसे परत मागत आहेत, तेव्हा तुम्ही आमचा विसार परत करा. आम्ही विसार परत केला नाही, पण आमचेही पैसे कापडात अडकले होते. मग आम्ही काय केले? चाचांना म्हटले, मजुरी थोडी थांबेल.

चाचा काही बोलले नाहीत. चार दिवसांनी आले आणि उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "शेठ, वाघ बघायला माणसे आली नाहीत हे खरे. पण कापूस तर मी पिंजला ना?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही मजुरी दिली, पण ती दीड महिन्याने दिली, हे येथे कबूल केले पाहिजे. त्या दीड महिन्यात त्या घराने काय केले असेल, याचा हिशेब आमच्या वहीत नाही. पाहुण्याने तंबूवाल्याकडे बोट दाखवले, तंबूवाल्याने आमच्याकडे, आम्ही पिंजाऱ्याकडे. पिंजाऱ्याने कोणाकडे दाखवायचे? तोटा पाण्यासारखा असतो, तो उतार शोधत खाली जातो आणि ज्याच्या हातात कागद नाही त्याच्या दारात साचतो.

आमचा निर्बंधांना विरोध आहे असे कोणी समजू नये. साथीच्या गावात जाऊ नये आणि साथीच्या गावातून बाहेर पडू नये, ही शिकवण आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच मिळाली आहे. हजरत उमर रजि. शामच्या मोहिमेवर निघाले असताना सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली. त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला मागे फिरवला. तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले, तरी ते फिरले. तेव्हा काफिला थांबवणे शहाणपणाचे आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. काफिला थांबला तर त्याचा तोटा कोणी, किती उचलायचा?

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ५६ आहे. करार पुरा करणे अशक्य किंवा बेकायदा झाले तर तो करार रद्द ठरतो. त्याच कायद्याचे कलम ६५ म्हणते की असा करार रद्द झाला तर ज्याला जो लाभ मिळाला तो त्याने परत करावा किंवा भरपाई द्यावी. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाळेबंदीत रद्द झालेल्या विमान तिकिटांचे पैसे परत देण्याबद्दल निर्णय दिला. विलायतेत तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०२० मध्येच बजावले की बंदीमुळे मुक्काम देता आला नाही तर गिऱ्हाइकाचे पूर्ण पैसे परत करावेत. म्हणजे पाहुण्याची बाजू घेणारे आहेत. विमानाच्या प्रवाशालाही वाली मिळाला. रजई शिवणाऱ्यासाठी न्यायालयात कोण जाणार?

सरकारने २०२० मध्ये लहान उद्योगांसाठी तातडीच्या कर्जाची हमी योजना आणली. तिचा लाभ मुख्यतः ज्यांचे आधीच बँकेत कर्ज चालू होते त्यांना मिळाला, कारण जुन्या कर्जाच्या प्रमाणातच नवे कर्ज मिळत होते. ज्या पिंजाऱ्याने जन्मात बँकेचे कर्ज घेतले नाही, त्याचे प्रमाण शून्य. शून्याचे वीस टक्के किती होतात, हे वाचकांनीच सांगावे.

आपल्या तिजारतीच्या शिकवणीतही याचा विचार आहे. कोणी झाडावरची फळे विकली आणि आफत येऊन ती नष्ट झाली, तर विकणाऱ्याने आपल्या भावाकडून कशाच्या हक्काने पैसे घ्यावेत, असा सवाल हदीसमध्ये आला आहे. त्याच्या मर्यादेबद्दल इमामांत मतभेद आहेत आणि तो निवाडा आम्ही करणार नाही. पण त्यातला इशारा स्पष्ट आहे. आफत दोघांवर आली असेल तर तिचे ओझे एकाच्याच पाठीवर टाकू नये.

तेव्हा व्यापारी बांधवांनो, काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, ऑर्डर घेताना चिठ्ठी करावी. मोठा स्टॅम्प पेपर नको, बिलाच्या मागच्या बाजूला चार ओळी पुरतात. विसार किती, माल कोणत्या टप्प्यांत तयार होणार, सरकारी आदेशाने धंदा बंद झाला तर न कापलेल्या कापडाचे काय, कापलेल्याचे काय. दोघांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत कारागिराकडेही असावी. दुसरी, ऑर्डर रद्द करण्याऐवजी पुढे ढकलण्याची मुदत आधीच ठरवावी. आमच्या त्या सव्वीस रजया पुढच्या थंडीत घरगुती गिऱ्हाइकांना विकल्या गेल्याच. माल वाया गेला नव्हता, फक्त थांबला होता. म्हणूनच रजया आणि गाद्या घरात चालतील अशा मापाच्या कराव्यात आणि तंबूचे कापड मंडपाला चालेल असे घ्यावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, झालेल्या कामाच्या मजुरीला हात लावू नये. कापड परत जाऊ शकते, विसारावर बोलणी होऊ शकतात, पण घातलेला टाका उसवून मेहनत परत मिळत नाही.

कारागीर बांधवांनाही एक विनंती आहे. उद्यम नोंदणी करून घ्या. तिला पैसे पडत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. आमच्यासारख्या शेठला दीड महिना थांबवण्याची सवय असेल, तर त्याच्यासमोर हा कायदा ठेवायला संकोच करू नका.

प्रशासनाकडेही आमचे मागणे फार नाही. ३ जून २०२१ रोजी एका मंत्र्यांनी १८ जिल्हे खुले झाल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री कार्यालयाने खुलासा केला की निर्णय अजून झालेला नाही. खरा आदेश ७ जूनपासून लागू झाला. मधल्या काळात कोणी माल मागवला असेल, कोणी परत केला असेल. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहा. एका काठाला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठाला नांदेड. पाणी एकच, पाहुणा एकच, पण दोन काठांवर दोन हुकूम असू शकतात. पुढे कधी अशी वेळ आली तर शेजारच्या जिल्ह्यांनी एकमेकांशी बोलून आदेश काढावेत, तो लागू होण्याआधी एक-दोन दिवसांची तरी सूचना द्यावी आणि मुक्कामाला आलेल्यांनी काय करायचे ते त्याच कागदावर लिहावे.

महामारी सरली. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. टिपेश्वरकडे गाड्या पुन्हा जाऊ लागल्या आणि तंबूंच्या ऑर्डरी पुन्हा येऊ लागल्या. हीच वेळ चिठ्ठी लिहिण्याची आहे. साथ आल्यावर कोणी चिठ्ठीवर सही करत नाही. आमच्या दुकानात आता प्रत्येक ऑर्डरच्या मागे त्या चार ओळी लिहिल्या जातात. पहिली ओळ मजुरीची असते. ती चाचांनी त्या दिवशी उंबऱ्यात उभे राहून सांगितली होती, आम्ही फक्त ती कागदावर उतरवली.