महावृक्षांच्या भेटीला जाण्यापूर्वी

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा दर उन्हाळ्याच्या तोंडावर दवाखान्यात येतात. कोणाला चार महिन्यांची औषधे लिहून हवी असतात, कोणाला तब्येतीची खात्री करून घ्यायची असते. मुक्काम कॅलिफोर्नियात असेल, तर सहलींच्या बेतात सेक्वोया राष्ट्रीय उद्यानाचे नाव अनेकदा असते. ‘अर्ध्या मैलाची सोपी वाट आहे, तुम्हांला सहज जमेल,’ असे मुलांनी सांगितलेले असते. हे ‘सहज’ कोणाच्या पायांनी मोजायचे, याचा विचार निघण्यापूर्वीच व्हावा, म्हणून आजचा लेख.

महाकाय सेक्वोया वृक्ष नैसर्गिकरीत्या केवळ सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढतात. त्यांतील ‘जनरल शर्मन’ हा वृक्ष खोडाच्या घनफळाने जगात सर्वांत मोठा आहे. त्याची उंची सुमारे ८४ मीटर, बुंध्याचा घेर सुमारे ३१ मीटर आणि वय २,००० वर्षांहून अधिक. असा वृक्ष पाहण्याची इच्छा रास्तच आहे. वयाकडे बोट दाखवून ती मोडू नये. मात्र दोन गोष्टी समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट उंचीची. ही वनराई समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरांवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. तेथे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू सुमारे एक पंचमांशाने कमी होतो. मोटार वळणावळणाच्या रस्त्याने थोड्या वेळात वर पोहोचते, त्यामुळे शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. निरोगी व्यक्तीला हे सहसा सोसते. हृदयविकार, दमा, फुप्फुसांचा जुना आजार किंवा कमी हिमोग्लोबिन असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

दुसरी गोष्ट चढाची. आपल्याकडे गडावर जाताना चढ आधी येतो. दमलेला माणूस अर्ध्यावरून मागे फिरू शकतो. जनरल शर्मनच्या मुख्य वाटेवर याच्या उलट आहे. वाहनतळापासून सुमारे ८०० मीटर खाली उतरायचे आणि परतताना तेवढेच चढायचे. हा चढ सुमारे ६० मीटरांचा, म्हणजे जवळजवळ वीस मजली इमारतीएवढा. उतरताना श्वास लागत नाही, म्हणून माणूस फसतो. गुडघ्यांवर मात्र उतरतानाच अधिक भार येतो, आणि खरी परीक्षा परतीच्या वाटेवर होते.

यावर उपाय आहेत. उन्हाळ्यात उद्यानाची शटल बस असते. तिच्या एका थांब्यापासून वृक्षापर्यंत सोपी, चाकाच्या खुर्चीलाही चालणारी वाट आहे. बस कधी सुरू आहे, हे आधी पाहावे. त्याहून मला आवडणारी वाट ‘बिग ट्रीज ट्रेल’ची. राउंड मेडो या हिरव्या कुरणाभोवतीची ही सुमारे १.२ किलोमीटरची फेरी सपाट व फरसबंद आहे आणि कडेने सेक्वोया उभे आहेत.

आपली ताकद घरीच अजमावावी. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालता येते का? दोन जिने न थांबता चढता येतात का? चालताना पूर्ण वाक्य बोलता येते का? छातीत न दुखता, धाप न लागता हे जमत असेल, तर सपाट फेरी आनंदाने करावी. जमत नसेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. सहलीच्या दोन महिने आधीपासून रोज चालण्याचा सराव ठेवावा.

त्या दिवशी औषधे अंगावरच्या पिशवीत ठेवावीत. तापलेल्या मोटारीत इन्सुलिन ठेवू नये. मधुमेहींनी खाणे टाळून चालू नये आणि खिशात साखर ठेवावी. ‘वारंवार लघवीला जावे लागेल’ म्हणून रक्तदाबाची किंवा सूज उतरवणारी गोळी परस्पर बंद करू नये. वाटेत स्वच्छतागृहे कोठे आहेत, हे आधी पाहून ठेवावे. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, चक्कर किंवा बसूनही न शमणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर तेथेच बसावे आणि मदत मागवावी. तेथील आपत्कालीन क्रमांक ९११ आहे. उद्यानात अनेक ठिकाणी मोबाइल लागत नाही. म्हणून एकट्याने मागे राहू नये.

आता दोन शब्द मुला-सुनांसाठी, लेकी-जावयांसाठी. आई-बाबा ‘मी ठीक आहे’ म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना तुमचा दिवस मोडायचा नसतो. धाप लागली की ते फोटो काढण्याच्या निमित्ताने थांबतात, चपलेचा पट्टा नीट करतात. अशा वेळी ‘दमलात का?’ असे विचारू नये; उत्तर ‘नाही’ असेच येईल. ‘आपण इथे दहा मिनिटे बसू या,’ असे म्हणावे आणि स्वतः आधी बसावे.

आणि आजी-आजोबांनो, आपणही खरे सांगावे. कोणती वाट घ्यायची, हे मोटारीतून उतरण्यापूर्वी ठरवावे. उतारावर पाऊल पडल्यावर तो निर्णय अवघड होतो. सेक्वोयाच्या बुंध्याशी टेकून बसावे असे वाटेल, पण त्याची मुळे उथळ असतात आणि पावलांनी माती दबते, म्हणून तेथे कुंपण आहे. तेव्हा वाटेवरच्या बाकावर बसावे आणि मान वर करून तो वृक्ष मनसोक्त पाहावा.