वसतिगृहांची तपासणी खाटा मोजून होत नाही



स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईबापांना म्हातारपणी एकच घोर असतो: आमच्यामागे याचं कोण? ‘निवासी संस्था आहेत ना’ असे म्हणून लोक मोकळे होतात. त्या संस्थेत दिवस कसा जातो, हे फारसे कुणी विचारत नाही.

ते विचारायला हवे. 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिले गेले ते असे की, पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही. म्हणजे कमी होती मदतीच्या हातांची आणि शस्त्रक्रिया झाली मुलींवर! 2011 मध्ये पनवेलजवळ कळंबोलीतल्या एका खासगी संस्थेतील मुलींवरचे लैंगिक अत्याचार उजेडात आले. तेव्हा सरकारी बरी की खासगी, हा वाद व्यर्थ आहे. तक्रार करू न शकणारी माणसे आणि बंद दार दोन्हीकडे होते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार संस्थांना नोंदणी सक्तीची आहे, हे चांगलेच आहे. पण खाटा, संडास आणि हजेरीपट पाहून संस्थेचा दर्जा कळत नाही. न बोलणारा मुलगा भिंतीवर डोके आपटतो, तेव्हा त्याचा दात दुखतोय की मिक्सरचा आवाज सोसवत नाही, हे ओळखणारी मावशी तिथे आहे का? असली तर किती दिवस टिकते? तुटपुंज्या पगारावर, कंत्राटावर माणसे टिकत नाहीत. नव्या माणसाला मुलगा कळत नाही, मग तो ‘आवरत नाही’ असा शेरा पडतो आणि गुंगीच्या गोळ्या सोप्या वाटू लागतात. माझ्या मते दर्जा ठरतो तो इथेच. रंगवलेल्या भिंतींचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

दात्यांनाही एक विनंती. वाढदिवसाला केक, फुगे आणि स्पीकर घेऊन संस्थेत जाऊ नका. गोंगाट असह्य होणाऱ्या स्वमग्न माणसाला तो तासभर शिक्षेसारखा जातो. तेच पैसे काळजीवाहकांच्या पगारासाठी द्या. (पगारासोबत फोटो काढता येत नाही, हे मान्य.)

राज्यात 2022 पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. त्याने न कळवता, रात्रीसुद्धा तपासण्या कराव्यात. पथकात पालक आणि मानसोपचारतज्ज्ञ असावेत. वर्षभरात किती कर्मचारी सोडून गेले आणि कुणाला कोणत्या गोळ्या, का सुरू आहेत, हे तपासावे. रहिवाशांची नावे वगळून तो अहवाल जाहीर करावा. आणि पालकांना कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी आत येऊ न देणाऱ्या संस्थेची नोंदणी सरळ रद्द करावी.

– एक पालक, डोंबिवली