नमुना कालच्या पाण्याचा कसा घेणार?

संपादक महोदय,

‘भूजल प्रदूषणाची गणिती प्रारूपे म्हणजे संगणकावरचे अंदाज, विहिरींचे नमुने तपासा, पुरे’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. तपासणी हवीच. पण तीस वर्षांपूर्वी लोक प्यायले त्या पाण्याचा नमुना आज कुठून आणायचा?

अमेरिकेतील कॅम्प लेजून या लष्करी तळावर हाच प्रश्न होता. तळाबाहेरच्या ड्रायक्लीनिंग दुकानातले पर्क्लोरोइथिलीन हे द्रावक जमिनीत मुरून टारावा टेरेस वसाहतीच्या विहिरींत उतरले. दुकान १९५३ चे. सर्वांत दूषित विहीर बंद झाली १९८५ मध्ये. मधल्या बहुतेक काळाच्या मोजण्या नाहीतच. सरकारी संशोधकांनी पाण्याचा प्रवाह, द्रावकाचे पसरणे, मातीच्या कणांना चिकटणे, विघटन हे सारे समीकरणांत मांडून महिनावार चित्र उभे केले. पिण्याच्या पाण्यात या द्रावकाची लिटरला ५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा नळाच्या पाण्याने नोव्हेंबर १९५७ मध्येच ओलांडली असावी, असे त्यातून निघाले. अनिश्चितता किती, हेही त्यांनी मोजून सांगितले. तिथे राहिलेल्या कुटुंबांना याखेरीज दुसरा कोणता आधार होता?

एक आक्षेप मात्र रास्त आहे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून धावते; वाळूच्या सलग थराचे प्रारूप इथे जसेच्या तसे लावले तर उत्तर चुकणारच. त्यासाठी भेगांची पाहणी आणि पंपिंग चाचण्या मागायला हव्यात. निरीक्षण विहीर कुठे खणायची, हे ठरवायलाही प्रारूपच लागते. ते टाळून नमुने घ्यायचे तरी कुठले?

आपला,
एक वाचक