वाळूखालचे विष आणि वेशीबाहेर गेलेली सत्ता

डेन्मार्क म्हटले की आपल्याकडच्या समाजवादी आणि सहकारी कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यात निघालेली पहिली सहकारी दुग्धशाळा, ग्रुंटव्हिगच्या प्रेरणेने उभी राहिलेली लोकविद्यालये आणि लहान शेतकऱ्यांनी एकमेकांच्या विश्वासावर रचलेला सुखी, समतोल समाज असे ते चित्र असते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. त्याच पश्चिम जटलंडच्या किनाऱ्यावर त्युबोरोन आणि हारबोएरे ही दोन गावे आहेत. त्यांची मिळून एक लहानशी नगरपालिका १९७० साली स्थापन झाली आणि २००६ च्या अखेरीस विसर्जित झाली. पाच हजारांपेक्षाही कमी वस्तीच्या या नगरपालिकेचा इतिहास डेन्मार्कविषयीच्या आपल्या भाबड्या कल्पनांना धक्का देणारा आहे. विकेंद्रीकरणाचा नुसता जप करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो लक्षपूर्वक वाचावा असाही आहे.

हा प्रदेश म्हणजे उत्तर समुद्र आणि लिमफ्योर्डची खाडी यांच्यामध्ये पसरलेला वाळूचा चिंचोळा पट्टा. फेब्रुवारी १८२५ च्या वादळात समुद्राने उत्तरेकडची जमीन फोडून खाडीत प्रवेश केला. १८६२ साली त्युबोरोनजवळ नवी वाट पाडली आणि पुढे तीच कायम झाली. १८७५ पासून डॅनिश राज्याने या किनाऱ्यावर समुद्रात काटकोनात शिरणारे दगडी बांध घालण्यास प्रारंभ केला. बांधकामाचे साहित्य वाहण्याच्या गरजेतूनच १८९९ साली रेल्वे हारबोएरेवरून त्युबोरोनपर्यंत आली. म्हणजे या गावांची जमीनच मुळी सार्वजनिक श्रमाने टिकलेली आहे. एकट्यादुकट्याच्या उद्योजकतेने येथे एक वावही वाळू स्थिर राहिली नसती. खाजगी पुरुषार्थाचे गोडवे गाणाऱ्यांनी या बांधांवर एकदा उभे राहून यावे.

राज्याने राखलेल्या या जमिनीवरचे जीवन मात्र कमालीचे कष्टाचे होते. २१ नोव्हेंबर १८९३ रोजी उघड्या होड्यांतून मासेमारीस गेलेले हारबोएरेचे सव्वीस मच्छीमार एका दिवसात बुडाले. त्यांच्या दफनाच्या वेळी तेथील धर्मोपदेशक कार्ल मो यांनी विधवांसमोर आणि पोरक्या मुलांसमोर नरकाचे स्मरण करून देणारे प्रवचन केले, आणि त्यावरून सबंध देशात वाद माजला. होड्या उघड्या का होत्या, आसऱ्याला बंदर का नव्हते, हे प्रश्न धर्मपीठावरून विचारले जात नसतात. तरीही याच माणसांच्या अंगी एकमेकांना धरून राहण्याची विलक्षण शक्ती होती. या किनाऱ्यावरून लिमफ्योर्डच्या आतील भागात स्थलांतरित झालेल्या मच्छीमार कुटुंबांवर कम्युनिस्ट लेखक हान्स किर्क यांनी १९२८ साली ‘फिस्कर्ने’ ही कादंबरी लिहिली. त्या कादंबरीला एक नायक नाही. सारा समूहच तिचा नायक आहे. धर्माच्या पोलादी चौकटीत वावरणाऱ्या या गरिबांमध्ये किर्क यांना सामूहिक जीवनाचे बीज दिसले, ही गोष्ट मनन करण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पट्टीवर नवी सत्ता अवतरली. कीटकनाशके बनवणारा केमिनोव्हा हा कारखाना कोपनहेगनजवळच्या मालॉव्ह येथे होता. प्रदूषणाविरुद्ध तेथील रहिवाशांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९५३ च्या सुमारास त्याला दोन गावांच्या मधली रोनलँडची जागा मिळाली. राजधानीच्या शेजाऱ्यांना जे सोसवत नव्हते ते दूरच्या मच्छीमारांनी सोसावे, असा याचा सरळ अर्थ होता. कोणत्याही देशातील औद्योगिक नकाशावर बोट ठेवून पाहावे. विष नेहमी उताराच्या दिशेने वाहते, आणि उतार हा भूगोलापेक्षा सत्तेचाच अधिक असतो.

१९५३ ते १९६२ या काळात कारखान्याने आपला रासायनिक कचरा, अधिकाऱ्यांना ठाऊक असताना, किनाऱ्यावरील बेचाळीस क्रमांकाच्या बांधाजवळ वाळूत पुरला. ज्या बांधांनी लोकांना समुद्रापासून वाचवले त्यांच्याच आडोशाला हे विष ठेवले गेले. त्यात प्रामुख्याने पॅराथिऑन होते. हे द्रव्य इतके जहाल की युरोपीय संघाने २००१ साली शेतीतील त्याच्या वापरास मान्यता नाकारली. १९८१ साली काही माल उकरून काढण्यात आला. परंतु शंभर टनांहून अधिक विषारी द्रव्ये वाळूतच राहिली, आणि २००६ साली त्यांच्याभोवती पोलादी पत्र्यांची भिंत ठोकावी लागली. अशा जुन्या व प्रचंड प्रदूषणांना डेन्मार्कमध्ये आता ‘पिढ्यांचे प्रदूषण’ म्हणतात. त्यांच्या सफाईसाठी अलीकडच्या वर्षांत सरकारी तिजोरीतून मोठा निधी द्यावा लागला आहे. नफा त्या त्या वर्षी वाटला गेला; खर्च मात्र पुढच्या पिढ्यांच्या नावे लिहून ठेवला गेला.

येथे एक गोष्ट समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावी. या कारखान्याचा मालक कोणी सिगार ओढणारा भांडवलदार नव्हता. संस्थापक गुन्नार आंद्रेआसन यांनी १९४४ साली आपले भागभांडवल ऑर्हूस विद्यापीठाच्या संशोधन निधीला देऊन टाकले होते. त्यामुळे विषाच्या विक्रीतून होणारा नफा प्रयोगशाळांना, शिष्यवृत्त्यांना आणि ग्रंथांना मिळत राहिला. सत्तर वर्षांनी हा कारखाना एफएमसी या अमेरिकन कंपनीला विकण्याचे ठरले आणि २०१५ साली तो व्यवहार पूर्ण झाला. त्याचे मूल्य सुमारे १.८ अब्ज डॉलर होते. मालकी ‘सार्वजनिक हिताच्या’ संस्थेची असली की उत्पादनाचे स्वरूप आपोआप सुधारते, या समजुतीचा यासारखा दुसरा खंडनग्रंथ नाही. मालक कोण, या प्रश्नाइतकाच मालकाला जाब कोण विचारू शकतो हा प्रश्न महत्त्वाचा असतो. विद्यापीठाला जाब विचारण्याची सोय हारबोएरेच्या मच्छीमाराला नव्हती. आणि ही साखळी आपल्या दारापर्यंतही आली आहे: केमिनोव्हाचा एक कारखाना गुजरातेत पानोली येथे होता. पॅराथिऑन ज्या कुळातले, त्याच सेंद्रिय फॉस्फरस कुळातील मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचे नाव २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना दगावलेल्या शेतमजुरांच्या संदर्भात पुढे आले होते. ते विष कोणत्या कारखान्यातले, हा येथे मुद्दा नाही. ते बनवण्यापासून फवारण्यापर्यंतच्या कोणत्याच टप्प्यावर श्रमिकाचे मत विचारले जात नाही, हा मुद्दा आहे.

मग या दोन गावांची स्वतःची नगरपालिका काय करीत होती, असा प्रश्न कोणीही विचारील. तिची कथा डेन्मार्कच्या दोन मोठ्या सुधारणांमध्ये बसते. १ एप्रिल १९७० रोजी देशातील हजाराहून अधिक लहान पालिकांच्या २७७ पालिका झाल्या. त्यांतच ही एक जन्मली. १ जानेवारी २००७ रोजी आन्नर्स फॉग रासमुसेन यांच्या उजव्या सरकारच्या सुधारणेनुसार २७१ पालिकांच्या ९८ झाल्या, तेरा जिल्ह्यांची व्यवस्था मोडून पाच प्रदेश निर्माण झाले, आणि त्युबोरोन–हारबोएरे शेजारच्या लेमविगमध्ये विलीन झाली. वीस हजार लोकसंख्या हा किमान निकष ठरवण्यात आला होता. त्या कसोटीवर पाच हजारांची पालिका टिकणे शक्यच नव्हते. देशातील लोकनियुक्त पालिका सदस्यांची संख्या सुमारे साडेचार हजारांवरून सुमारे अडीच हजारांवर आली. लोकशाही स्वस्त झाली हे खरे. पण ती तितकीच विरळही झाली.

विलीनीकरणाच्या समर्थकांची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. अपंग मुलांचे शिक्षण, वृद्धांची विशेष शुश्रूषा, तज्ज्ञ कर्मचारी ही कामे चार-पाच हजारांच्या पालिकेला झेपत नाहीत, हे त्यांचे म्हणणे विचारात घेण्यासारखे होते. आणि प्रामाणिकपणे हेही मान्य केले पाहिजे की लहान पालिका हाती असतानाही वाळूतले विष गावकऱ्यांना स्वबळावर हटवता आले नाही. प्रदूषित जमिनीची जबाबदारी आधी जिल्ह्याकडे होती, नंतर प्रदेशाकडे गेली. ती गावाच्या हाती कधीच नव्हती. त्याहून मोठी अडचण अशी की तोच कारखाना त्या भागातील सर्वांत मोठ्या रोजगारदात्यांपैकी एक होता. ज्याच्या पगारावर अर्धे गाव जगते त्याच्याविरुद्ध ठराव मांडण्यास कोणत्या पालिका सदस्याचा हात वर होणार? राजकीय सत्ता गावात होती. आर्थिक सत्ता गावाबाहेर होती. अशा स्थितीत पहिली सत्ता दुसरीच्या दारी कारकुनी करते.

समुद्रावरही नेमके हेच घडले, आणि योगायोग असा की त्याच दिवशी घडले. १ जानेवारी २००७ रोजी, म्हणजे पालिका विसर्जित झाली त्याच मुहूर्तावर, डेन्मार्कने कॉड, प्लेस इत्यादी तळाच्या माशांचे राष्ट्रीय वाटे नौकानिहाय हिश्श्यांत वाटून टाकले. २००३ ते २००५ या वर्षांत ज्या नौकेने जितकी मासळी पकडली त्या प्रमाणात तिच्या मालकाला हक्क मिळाला, तोही विनामूल्य. हा हक्क नौकेसह खरेदी-विक्रीस मोकळा झाला. परंपरेने या किनाऱ्यावर मिळकतीचे वाटे पडत असत. नौकेचा एक, जाळ्यांचा एक आणि खलाशांचा एक. नव्या व्यवस्थेत खलाशाचा वाटा कागदावरून पुसला गेला. जन्मभर जाळी ओढणाऱ्या तांडेलाला समुद्रातील एका माशावरही हक्क उरला नाही, आणि मालकाला मात्र न पकडलेल्या मासळीची संपत्ती एका रात्रीत प्राप्त झाली. अनेक लहान मालकांनी ती विकली. हक्क थोड्या हातांत साठत गेले, आणि डॅनिश भाषेत ‘वाट्यांचे राजे’ हा शब्द रूढ झाला. २०१७ साली देशाच्या लेखापरीक्षण संस्थेनेच सरकारी खात्यावर ठपका ठेवला की या केंद्रीकरणाला आवर घालण्यात ते अपयशी ठरले. मत्स्यव्यवसाय त्या मंत्र्याकडून काढून घ्यावा लागला.

त्युबोरोन हे बंदर म्हणून आजही मोठे आहे, ही गोष्ट लपवण्याचे कारण नाही. परंतु बंदर मोठे असणे आणि मच्छीमाराचे आयुष्य स्वायत्त असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धक्क्यावर किती टन मासळी उतरली हे आकडेवारी सांगते. ती कोणाची, हे सांगत नाही.

याच किनाऱ्यावर, काहीसे उत्तरेस, तोरुपस्ट्रांड नावाचे खेडे आहे. तेथे बंदर नाही; होड्या वाळूवर ओढून घेतात. खाजगी वाट्यांची व्यवस्था येते आहे हे दिसताच तेथील सुमारे वीस कुटुंबांनी २००६ साली आपला मच्छीमार संघ काढला. प्रत्येक सभासदाने एक लाख क्रोनर प्रवेशशुल्क भरले, बँकांकडून सामूहिक कर्ज काढले आणि बाजारातून मासेमारीचे हक्क संघाच्या नावे विकत घेतले. एका माणसाला एक मत. संघ सोडून जाणाऱ्याला त्याचे शुल्क मिळते. समुद्राचा तुकडा खिशात घालून नेता येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ थॉमस होइरुप या प्रयत्नात त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कर्जाच्या ओझ्याखाली आणि बाजाराच्या नियमांनी खेळूनही या खेड्याने एक गोष्ट सिद्ध केली: खाजगीकरणाचा कायदा बदलणे हाती नसले तरी त्या कायद्याच्या आत सामूहिक मालकीचा किल्ला बांधता येतो. मात्र त्यासाठी एकत्र येण्याचा निर्णय विक्रीचा पहिला करार होण्याच्या आधी घ्यावा लागतो; नंतर नव्हे.

या दोन उदाहरणांची तुलना केली म्हणजे आपल्याला जो धडा घ्यायचा तो स्पष्ट होतो. त्युबोरोन–हारबोएरेपाशी छत्तीस वर्षे पालिका होती. पण कारखाना, समुद्राचा हक्क आणि जमिनीच्या शुद्धीचा अधिकार यांपैकी काहीच तिच्या हाती नव्हते. म्हणून ती गेली तेव्हा लोकांच्या हातून सभागृह, शिक्का आणि गाऱ्हाणे ऐकणारा शेजारचा माणूस गेला. ही हानी लहान नाही. शेजारच्या माणसाला वाटेत अडवून जाब विचारता येतो. दूरच्या कार्यालयाला पत्र पाठवावे लागते. परंतु त्याहून मोठी हानी तीन तपे आधीपासून चालूच होती, ती अशी की उपजीविकेच्या साधनांवर गावाची सत्ता कधी स्थापनच झाली नाही. तोरुपस्ट्रांडची पालिकाही त्याच दिवशी मोठ्या पालिकेत विरघळली, तरी खेडे विरघळले नाही. कारण मासेमारीचे हक्क गावाच्या कपाटात होते.

सत्तेच्या विकेंद्रीकरणाची मागणी आपण करतो ती योग्यच आहे. पण सभापतीची खुर्ची गावात आणि संपत्तीची किल्ली शहरात अशी विभागणी होणार असेल तर ते विकेंद्रीकरण म्हणजे विषाच्या ढिगावर पहारा देण्यासाठी नेमलेली स्थानिक चौकीच ठरते. उत्तर समुद्राच्या त्या वाळूच्या पट्टीवर बेचाळीसावा बांध अजून उभा आहे. समुद्र अडवण्यासाठी समाज एकत्र येऊ शकतो, हे त्याचा दगड सांगतो. आणि समाज एकत्र येऊन फक्त समुद्रच अडवतो, नफ्याला मोकळे सोडतो, तेव्हा काय होते हे त्याच्या पायथ्याची वाळू सांगते. दोन्ही साक्षी एकाच ठिकाणी आहेत. निकाल आपणच द्यायचा आहे.